फ्लॅट सॉलिड आहे, पण क्यूब पास झाला का?

मॉड्युलर किचन, जिम, इन्फिनिटी पूल सगळं बघून झालं. आता त्या स्लॅबचं वय आणि ताकद विचारा! अंबरनाथ-बदलापूरकडे घर शोधणाऱ्या प्रत्येकासाठी काँक्रीटच्या परीक्षेचा हा सोप्पा फंडा.

रविवारची सकाळ. अंबरनाथ स्टेशनला उतरून नव्या टॉवरची साइट बघायला निघालेली जोडपी ओळखायला फार डोकं लागत नाही. त्याच्या हातात ब्रोशर असतं, तिच्या मोबाइलमध्ये ईएमआय कॅल्क्युलेटर उघडलेला असतो आणि सोबत आलेले सासरे किंवा वडील आल्या-आल्या एखादी भिंत ठोकून बघतात. मग सॅम्पल फ्लॅट. गारेगार एसी, मंद पिवळे दिवे, सेल्सच्या मुलीनं पुढे केलेली कॉफी. प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. कार्पेट किती? पार्किंग स्टिल्टला की पोडियमला? स्टेशनपासून रिक्षा किती घेते? पाणी एमआयडीसीचं की टँकरचं? टाइल्स कुठल्या कंपनीच्या?

हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण ज्याच्यावर हे सगळं उभं राहणार, त्या काँक्रीटबद्दल सहसा कोणीच काही विचारत नाही. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणारा माणूस नळाचा ब्रँड विचारतो आणि कॉलमचा ग्रेड मात्र विचारत नाही. वडिलांनी ठोकलेली भिंत तर बहुतेक वेळा साध्या ब्लॉकची असते, तिच्यावर बिल्डिंगचा भार नसतोच. भार असतो कॉलम, बीम आणि स्लॅबवर. आणि त्यांची रीतसर परीक्षा होते. तारीख, मार्क आणि पास-नापास असा निकाल असलेली. तो निकाल मागता येतो, हेच आपल्याला माहीत नसतं.

दोन आठवडे, दोन स्लॅब

हा विषय या पट्ट्यात नुसता अभ्यासाचा नाही. मोरिवलीच्या एमआयडीसीपासून काही किलोमीटरवर उल्हासनगर आहे. १५ मे २०२१ला तिथल्या कॅम्प नंबर एकमधल्या ‘मोहिनी पॅलेस’ या इमारतीचा वरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळला. त्या धक्क्यातून शहर सावरतंय तोवर २८ मेच्या रात्री कॅम्प दोनमधल्या नेहरू चौकाजवळच्या ‘साई सिद्धी’ इमारतीत तेच घडलं. पाचव्या मजल्याचा स्लॅब एकेक मजला फोडत थेट खाली आला. सात माणसं गेली. पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२२ला, कॅम्प पाचमधल्या ‘मानस टॉवर’मध्ये पुन्हा स्लॅब पडला आणि चार जणांचा जीव गेला.

यातली कुठलीही इमारत शंभर वर्षांची जुनी चाळ नव्हती. मोहिनी पॅलेस आणि साई सिद्धी तर नव्वदच्या दशकातल्या. म्हणजे तुमच्या-आमच्यापैकी अनेकांपेक्षा लहान! त्या वेळच्या बातम्यांमध्ये ‘उलवा रेती’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. चांगल्या रेतीची टंचाई असताना जी मिळेल ती निकृष्ट रेती वापरून त्या काळात इमारती उठल्या, असं सांगितलं जात होतं.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. काँक्रीटच्या बांधकामाचं आपलं राष्ट्रीय ‘नियमांचं पुस्तक’ म्हणजे आयएस ४५६. त्याच्या १९७८च्या आवृत्तीनुसार सळई घातलेल्या काँक्रीटसाठी एम-१५ हा ग्रेड चालत होता. २०००च्या आवृत्तीनं तो किमान एम-२०वर नेला. म्हणजे नव्वदच्या दशकात सगळं नियमात बसवून बांधलेलं घरसुद्धा आजच्या किमान ग्रेडपेक्षा एक पायरी खाली असू शकतं. आणि जिथे नियमच पाळले नाहीत तिथलं तर विचारायलाच नको.

एम-२५ म्हणजे किती हत्ती?

हा ‘एम’ काय भानगड आहे? एम म्हणजे मिक्स, आणि पुढचा आकडा म्हणजे ताकद. एम-२५ काँक्रीटनं २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसायला हवा. डोक्यावरून गेलं? सोप्पं करू.

परीक्षेसाठी जो ठोकळा बनवतात, तो सगळ्या बाजूंनी १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंचांचा. याला म्हणतात क्यूब. त्याचं वजन साधारण आठ किलो, म्हणजे पोटाशी धरून उचलता येतो. एम-२५चा हा क्यूब फुटण्यापूर्वी त्यानं जवळजवळ ५७ टन भार पेलायला हवा. एक मोठा हत्ती पाच टनांचा धरला, तर अकरा हत्ती एका सहा इंची ठोकळ्यावर! एम-२० असेल तर सुमारे ४६ टन, म्हणजे नऊ हत्ती. ग्रेडमधला पाचाचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात तो दोन हत्तींचा असतो.

कुठे कुठला ग्रेड हवा, तेही ठरलेलं आहे. आयएस ४५६मध्ये हवामानाप्रमाणे पायऱ्या दिल्या आहेत. आडोशाच्या, सौम्य वातावरणात किमान एम-२०, मध्यम वातावरणात एम-२५, आणि जिथे पावसाचा मारा किंवा समुद्राची हवा लागते अशा कडक परिस्थितीत एम-३०पासून पुढे. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांचे कॉलम तर याहून बऱ्याच वरच्या ग्रेडचे असतात, कारण सगळ्या मजल्यांचा भार शेवटी त्यांच्यावरच येतो.

नारळ फोडल्यापासून २८ दिवस

आपल्याकडे साइटवर एक गमतीदार शब्दप्रयोग आहे. ‘आज स्लॅब पडणार!’ नवखा माणूस घाबरेल, पण सेंट्रिंगवाल्यांच्या भाषेत स्लॅब पडणं म्हणजे स्लॅब भरणं. त्या दिवशी नारळ फुटतो, काम संपलं की कामगारांना जेवण किंवा निदान वडापाव-मिठाई. गोल फिरणाऱ्या ड्रमचे मिक्सर रांगेत येतात आणि पंपाच्या पाइपमधून काँक्रीट वर चढतं.

याच गडबडीत एका कोपऱ्यात परीक्षेची तयारी व्हायला हवी. मिक्सरमधून पडणाऱ्या काँक्रीटमधून थोडं घमेल्यात काढायचं, तेल लावलेल्या लोखंडी साच्यात तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थर गोल टोकाच्या सळीनं ३५ वेळा कोचायचा. वर थापी फिरवून तारीख, मजला आणि ग्रेड लिहायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा आणि क्यूब थेट पाण्याच्या टाकीत. पाणी सुमारे २७ अंशाचं.

तीन क्यूबचा एक सॅम्पल. तिघांची सरासरी म्हणजे त्या सॅम्पलचा मार्क. त्यातला एखादा सरासरीच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त इकडे-तिकडे गेला, तर तो सॅम्पलच बाद. किती सॅम्पल घ्यायचे याचाही हिशेब आहे. पाच घनमीटरपर्यंत एक, पंधरापर्यंत दोन, तीसपर्यंत तीन, पन्नासपर्यंत चार आणि पुढच्या प्रत्येक पन्नासाला आणखी एक. एका मजल्याला समजा ८० घनमीटर काँक्रीट लागलं, तर किमान पाच सॅम्पल, म्हणजे २८ दिवसांच्या टेस्टसाठीच १५ क्यूब. साइटवर एकाच कोपऱ्यात तीन क्यूब दिसले, तर गणित जुळत नाही हे समजायला इंजिनीअर असायची गरज नाही.

सात दिवसांनी पहिली झलक मिळते. बोर्डापूर्वीची प्रिलिम म्हणा ना. तोवर साधारण दोनतृतीयांश ताकद आलेली असते. खरा निकाल २८व्या दिवशी. दाब देणाऱ्या मशीनमध्ये क्यूब ठेवतात. त्याची साच्याला टेकलेली गुळगुळीत बाजू वर-खाली येईल असा. मग ठरलेल्या वेगानं भार वाढवत नेतात. काटा चढत जातो, क्यूबच्या कडांना बारीक भेगा येतात आणि एका क्षणी काटा थांबून मागे येतो. तो आकडा भागिले २२,५०० चौरस मिलिमीटर. झाला मार्क!

२०००ची आवृत्ती आणि तिच्या नंतरच्या दुरुस्त्यांप्रमाणे एम-२५साठी सलग चार सॅम्पलची सरासरी निदान २८ हवी आणि एकही सॅम्पल २२च्या खाली जायला नको. म्हणजे ‘काठावर पास’ इथे चालत नाही. सरासरी वरच हवी.

२८ दिवसच का? सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया हळूहळू चालते. आपण म्हणतो काँक्रीट ‘वाळलं’, पण खरं तर ते वाळत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. २८ दिवसांनंतरही ताकद थोडी वाढत राहते, पण बहुतेक हिशेब तोवर स्पष्ट झालेला असतो. म्हणून जगभर हा चार आठवड्यांचा टप्पा मानतात.

क्यूब पास, स्लॅब नापास

आता खरी मेख. क्यूब पास झाला म्हणजे तुमचा स्लॅब पास झाला, असं नाही. क्यूब सांगतो की हे काँक्रीट नीट भरलं, नीट कोचलं आणि नीट पाण्यात ठेवलं तर किती ताकदीचं होऊ शकतं. स्लॅबच्या नशिबी ते लाड असतीलच असं नाही. मधे तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ पाण्याचा. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला समजा २५ लिटर पाणी ठरलंय. मिक्सर शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, काँक्रीट घट्ट झालं, पंप चालेना. मग कोणीतरी ओरडतो, ‘पाणी सोड रे!’ गोणीमागे पाच लिटर जादा पडले तरी ताकद सहज १५-२० टक्क्यांनी घसरू शकते. पाणी वाढलं की ताकद उतरते, हे नातं डफ अब्रॅम्स या अमेरिकन संशोधकानं १९१८मध्येच मांडलं होतं. शंभराहून जास्त वर्षं झाली, बादली अजून थांबलेली नाही. म्हणूनच रेडीमिक्स काँक्रीट साधारणपणे भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा नियम आहे, आणि प्रवाही ठेवायचं असेल तर पाणी नाही, ठरलेलं रसायन वापरतात. क्यूब पाणी घालण्यापूर्वी भरला आणि पाणी नंतर पडलं, तर क्यूबला त्याचा पत्ताच नसतो!

दुसरा घोळ व्हायब्रेटरचा. कॉलममध्ये सळयांची दाटी असते. तिथे काँक्रीट नीट हलवून बसवलं नाही की आत पोकळ्या राहतात. साचा काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडी दिसते. साइटवर याला ‘हनीकोंब’ म्हणतात. त्यावर सिमेंटचा हात मारून वर गिलावा केला की तो फोटोत झकास दिसतो. पण आतली पोकळी तशीच.

तिसरा घोळ पाणी मारण्याचा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या फ्लाय अॅशच्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला हवं. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी तुंबवणं, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळणं ही चैन नाही, गरज आहे. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचं ऊन मुंबईपेक्षा कितीतरी कडक असतं आणि पाण्याचा टँकर महाग. मग तीन दिवसांत गोणपाटं कोरडी पडतात. क्यूब मात्र तिकडे टाकीत मस्त गार पाण्यात २८ दिवस बसलेला असतो. दोघांचे मार्क सारखे कसे येणार?

आणि चौथी गोष्ट, जिला घोळ नाही, लबाडी म्हणतात. ‘स्पेशल क्यूब’. जादा सिमेंट घालून वेगळे बनवलेले, फक्त लॅबला पाठवण्यासाठी. म्हणून चांगल्या कामावर क्यूब कोण भरतो, त्याच्यावर सही कोणाची आणि तो लॅबपर्यंत कोण नेतो, याची नोंद असते. रिपोर्टमधले सगळे आकडे अगदी एकसारखे, दशांशापर्यंत जुळे दिसले तर खूश होऊ नका. खऱ्या काँक्रीटचे आकडे थोडे वर-खाली होतातच.

निकाल येईपर्यंत तिसरा मजला

या सगळ्यात घड्याळ विरोधात असतं. निकाल २८ दिवसांनी आणि मजला मात्र दहा-पंधरा दिवसांत चढतो. म्हणजे पहिल्या स्लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याच्या डोक्यावर दोन मजले आलेले असतात. तो नापास झाला तर? वरचे दोन मजले पाडून खालचा दुरुस्त करायचा निर्णय घ्यायला बिल्डर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर तिघांनाही धमक लागते. म्हणून सात दिवसांच्या टेस्टला महत्त्व. ती गडबड दाखवत असेल, तर तेव्हाच थांबता येतं.

टेकूंचंही तेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साधारण सात दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस, लांब बीमचे तर २१ दिवसांपर्यंत ठेवायचे असतात. सेंट्रिंगचं सामान पुढच्या मजल्याला हवं म्हणून ते आधी काढण्याचा मोह प्रत्येक साइटवर असतो.

घाईचं टोक काय असतं, ते याच जिल्ह्यानं पाहिलंय. ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बेकायदा उभी राहत असलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ जण दगावले. वर काम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहत होती.

उभ्या इमारतीचं ब्लड प्रेशर

‘आमची बिल्डिंग तर वीस वर्षांपूर्वीच बांधून झाली, आता क्यूब कुठून आणायचा?’ योग्य प्रश्न. त्यासाठी वेगळ्या टेस्ट आहेत.

सगळ्यात ओळखीची रिबाउंड हॅमरची. हातात मावेल एवढं स्प्रिंगचं यंत्र, स्विस इंजिनीअर अर्न्स्ट श्मिट यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बनवलेलं. काँक्रीटवर टेकवून दाबायचं, आतला हातोडा आपटून जेवढा मागे उडेल तेवढा पृष्ठभाग कठीण. झटपट आणि स्वस्त. पण ती फक्त वरच्या थराचं सांगते आणि तिच्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. नुसत्या हॅमरवर ‘बिल्डिंग ठणठणीत’ असं सर्टिफिकेट कोणी देत असेल, तर सावध!

दुसरी अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी. एका बाजूनं ध्वनिलहरी सोडायच्या आणि दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचतात ते मोजायचं. आत भेगा, पोकळ्या असतील तर लहर वळसा घेते आणि वेग पडतो. सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास किंवा वर वेग आला तर दिलासा, तीनच्या खाली गेला तर शंका. काँक्रीटची सोनोग्राफीच म्हणा.

तिसरी आणि सगळ्यात खात्रीची कोअर टेस्ट. हिऱ्याच्या दातांच्या ड्रिलनं कॉलम किंवा स्लॅबमधून गोल दांडा कापून काढतात आणि तोच मशीनमध्ये फोडतात. किमान तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी अपेक्षित ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. शिवाय सळई किती गंजली, काँक्रीटमध्ये मीठ म्हणजे क्लोराइड किती, याच्याही टेस्ट असतात. खाडीची रेती न धुता वापरली तर ते मीठ आतच राहतं. सळई गंजली की फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. छताचे पोपडे पडून तपकिरी सळई दिसायला लागते ती याचमुळे.

कायद्यानं महापालिका हद्दीत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. पण उल्हासनगरातल्या त्या इमारती पडल्या तेव्हा तिशीच्या आतच होत्या. म्हणून वाढदिवसाची वाट बघू नका. छताला सळईच्या रेषेत सरळ भेग, गंजाचे डाग, टॉयलेटखालच्या स्लॅबला कायमची ओल, बीमच्या कडा तुटणं, दरवाजे अचानक अडकायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज उठवा. गच्चीवर गळती थांबवायला जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याची आपल्याकडे फार हौस. प्रत्येक थराबरोबर त्याच थकलेल्या स्लॅबवर टनावारी वजन चढतं, हे लक्षात घ्या.

बुकिंगपूर्वी हे विचाराच!

१. कॉलम, बीम आणि स्लॅबचा ग्रेड काय? तिन्हींचं उत्तर वेगळं असू शकतं. ‘एकदम हाय क्वालिटी, सर’ हे उत्तर नाही.

२. माझ्या मजल्याचा ७ आणि २८ दिवसांचा क्यूब रिपोर्ट दाखवा. स्लॅब भरल्याची तारीख आणि टेस्टची तारीख यांत खरंच २८ दिवस आहेत का, मोजून बघा.

३. टेस्ट कुठल्या लॅबमध्ये झाली? एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबच्या रिपोर्टवर स्वतंत्र यूएलआर नंबर असतो.

४. रेडीमिक्स असेल तर मिक्सरची चलनं ठेवली आहेत का? त्यावर ग्रेड आणि प्लँटमधून निघाल्याची वेळ असते.

५. स्ट्रक्चरल इंजिनीअर कोण आणि ते स्वतः साइटवर येतात का? त्यांचं नाव महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टच्या माहितीत असायला हवं. तिथेच बांधकामाच्या दर्जाबद्दल इंजिनीअरनं द्यायचं फॉर्म २ए हे प्रमाणपत्र टाकलंय का, तेही बघा.

६. ताबा घेतल्यावर? २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४नुसार ताब्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरचा दोष निघाला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणून लक्षण दिसलं की तोंडी नाही, लेखी कळवा आणि पोचपावती जपून ठेवा.

७. आणि एक प्रश्न स्वतःला. हॉल मोठा करायला आपण कुठला कॉलम किंवा बीम तर तोडत नाही ना? २५ जुलै २०१७ला घाटकोपरमध्ये इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या रिनोव्हेशनमध्ये कॉलमला हात लावल्याचा आरोप झाला होता. काँक्रीट कितीही एम-४० असो, कॉलमच काढला तर काय उपयोग?

विचारायला लाज कसली?

अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६०चं. काळ्या दगडाचं, सिमेंटचा कण नसलेलं, साडेनऊशे पावसाळे खाल्लेलं. काँक्रीटच्या घराकडून आपण एवढी अपेक्षा करत नाही. त्यानं निदान आपलं कर्ज फिटून, मुलं मोठी होऊन, आपण निवांत गच्चीत बसेपर्यंत तरी साथ द्यावी, एवढीच मागणी. ती अवाजवी नाही आणि तिची किंमतही फार नाही. फ्लॅटच्या किमतीपुढे क्यूब टेस्टचा खर्च अगदीच किरकोळ.

अडचण फक्त एवढीच की कोणी विचारत नाही. सेल्स ऑफिसमधला मुलगा तुमच्या प्रश्नावर गोंधळेल, ‘साइटवर विचारून सांगतो’ म्हणेल. म्हणू दे. पुढच्या शनिवारी फोन करून पुन्हा विचारा. तुमच्यानंतर आलेल्या जोडप्यानं तेच विचारलं, त्यांच्यानंतरच्यांनीही विचारलं, तर महिन्याभरात ती फाइल आपोआप सेल्स ऑफिसच्या टेबलावर येईल. ब्रोशरच्या शेजारी. आणि फाइल मागणारे लोक आहेत हे कळल्यावर पुढच्या स्लॅबच्या दिवशी पाण्याची बादली उचलणारा हात एकदा तरी थांबेल.